केराबाईनं पाळलेली आण

खिचडी खारट झाली त्या दिवशी जे हसले, त्यांत मीही होते. विजयमालाबाईंच्या हातून वीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. "बाई प्रेमात पडल्या वाटतं," असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळे शिक्षक हसलो.

मोहोळपासून सात किलोमीटरवर आमची शाळा. तिथं विजयमाला कोकरे पोरांचा पोषण आहार शिजवायच्या. नवरा जोतिराम मेंढरं राखतो, लेक सोनाली केम गावी दिलेली. बाई उंचपुऱ्या, कमी बोलणाऱ्या. सत्तर पोरांचं पातेलं एकट्या उतरवायच्या. उचलताना परकर सैल पडू नये म्हणून नाडी करकचून आवळायच्या. कमरेवर काळा पट्टा पडला, मग उजव्या बाजूला खाज सुटली, मग भेग पडली, आणि भेगेची न भरणारी जखम झाली. आम्हाला हे फार उशिरा कळलं. वेळेवर कळलं ते फक्त केराबाईला.

केराबाई म्हणजे शाळेतली दुसरी स्वयंपाकीण. लहान वयात नवरा गेला तेव्हा विजयमालाबाईंनीच तिला कामाला लावलं. अंगठा उठवणारी ही बाई परातीतल्या पिठावर बोट फिरवत सही करायला शिकली, तीही विजयमालाबाईंकडूनच. दोघींची वस्ती एक, येण्याजाण्याची वाट एक.

एकदा धान्याच्या खोलीत केराबाईला विजयमालाबाईंच्या लुगड्याला कमरेपाशी रक्ताचा डाग दिसला.

"दाव बगू," ती म्हणाली. जखम रुपयाएवढी होती, कडा वर आलेल्या. "आगं, डागदरला दाव की!"

"न्हाय. हेडमास्तरला कळलं तर म्हनतील, असल्या अंगानं पोरांचा सैपाक नगं. तुला बिरोबाची आण हाय केरे, कुनाला बोललीस तर."

केराबाईनं आण घेतली. त्यावर दोन वर्षं गेली. विजयमालाबाई हळद दाबत राहिल्या, मेडिकलमधनं मलमाच्या ट्यूबा आणत राहिल्या. जखम तळहाताएवढी झाली.

गेल्या उन्हाळ्याच्या आधी त्यांचं पाणी पिणं वाढलं. तांब्यावर तांबे प्यायच्या आणि सारख्या लघवीला जायच्या. पोट साफ होईना, अन्नाचा वास नको झाला. हाडं दुखतात म्हणाल्या म्हणून जोतिरामनं कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या. मग डोक्यावर धुकं उतरलं. खिचडीत मीठ दोनदा पडलं. एका पोरीला त्यांनी आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. आणि एका सकाळी गॅसचं बटण फिरवलं, काडी ओढलीच नाही, आणि तशाच भिंतीला टेकून बसल्या. केराबाई वास येऊन धावली नसती, तर काय झालं असतं ते बोलायला नको.

त्याच दिवशी केराबाई हेडमास्तरांपुढं उभी राहिली. माझं अक्षर चांगलं म्हणून हेडमास्तरांनी तिचा अर्ज मला लिहायला सांगितला. 'मानसिक संतुलन बिघडले असून मुलांच्या सुरक्षिततेसाठी कामावरून कमी करावे,' असं मी लिहिलं. खाली केराबाईनं सही केली. अर्जात खोटं काहीच नव्हतं. जखमेबद्दलही काही नव्हतं.

वस्तीवर म्हणू लागले, बाईला बाहेरचं लागलंय. जोतिरामनं लिंबू उतरवले, अंगारा लावला. शेवटी सोनाली केमहून आली. आईला न्हाऊ घालायला बसली आणि लुगडं सोडताच किंचाळली. दुसऱ्या दिवशी तिनं आईला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर रुद्राणी यांनी तिला समोर बसवून सांगितलं, "हा कातडीचा कॅन्सर आहे. जांघेतल्या गाठींत गेलाय, पुढंही गेलाय. पण आत्ता डोकं फिरलंय ते वेडानं नाही. ही गाठ रक्तात असा एक पदार्थ सोडते, की हाडांतलं कॅल्शियम सुटून रक्तात येतं. त्यानं तहान लागते, पोट साफ होत नाही, माणूस भ्रमिष्ट होतो. त्या गोळ्या आधी बंद करा."

"आई शुद्धीवर येईल?"

"येईल. सलाइन आणि एक इंजेक्शन देऊ. पण गाठ आहे तोवर हे परत होणार."

"आणि आधी आणली असती तर?"

"जखम दोनेक वर्षांची दिसते. तेव्हाच कापून काढली असती, तर बहुतेक इथवर आलं नसतं."

चौथ्या दिवशी विजयमालाबाईंनी डोळे उघडले आणि विचारलं, "साळा सुटली का?" मग खिडकी, सलाइन, लेक असं एकेक ओळखीचं झालं. सोनालीनं सगळं सांगितलं. कामावरून कमी केल्याचा कागद पिशवीतच होता, सोबत अर्जाची नक्कल. बाई सातवी शिकलेल्या. त्यांनी कागद स्वतः वाचला आणि खालच्या सहीवर बराच वेळ बोट ठेवलं.

"हिला 'रा'चा काना अजून सरळ येत न्हाय," एवढंच म्हणाल्या.

त्या घरी आल्यावर केराबाई भेटायला गेली. तेव्हाचं बोलणं सोनालीनं मला जसंच्या तसं सांगितलं.

"गॅस उघडा ऱ्हायला व्हता, आक्का," केराबाई म्हणाली. "सत्तर लेकरं."

"बंद केलास ते बरं केलंस. मास्तरकडं गेलीस तेबी बरं केलंस. पर तितं उभं ऱ्हाऊन माजी जखम तुला आठवली न्हाय?"

"तू आण घातली व्हतीस."

"माजं डोकं ठिकाणावर न्हाय, असं लिवून दिलंस. मंग तसल्या बाईची आण पाळलीस व्हय?"

केराबाई रडायला लागली. बाई थांबल्या नाहीत.

"खरं सांग. आणंपायी गप बसलीस?"

"न्हाय," केराबाई म्हणाली. "मला इचारलं असतं, दोन वर्सं ठाऊक व्हतं तर गप का बसलीस, असल्या बाईला सैपाकाला का हात लावू दिलास. माजंबी काम गेलं असतं."

"सांगायचं ते झाकलंस केरे. झाकायचं ते सांगितलंस. जा आता."

केराबाई गेली.

दीड महिन्यानं कॅल्शियम पुन्हा चढलं. बाई पाणी पाणी करू लागल्या, आणि धुकं पुन्हा डोक्यावर उतरलं तशी वीस वर्षांची मैत्रीण त्यांना परत सापडली. "केरे, चल की, पातेलं धर," म्हणून हाका मारू लागल्या. जोतिरामनं जाऊन केराबाईला आणलं. दोन दिवस ती उशाशी बसली. बाई तिच्या हातानं चहा प्यायल्या, तिचे केस विंचरले, तिला हसवलं. केराबाईला वाटलं, माफी झाली.

मग दवाखाना, सलाइन, इंजेक्शन. शुद्ध आली, सगळं आठवलं. केराबाई डबा घेऊन गेली, तेव्हा बाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याच संध्याकाळी त्यांनी लेकीला जवळ बोलावलं.

"आता ध्यान हाय तवर सांगते. मी पुन्ना येडी झाले, तर तिला हाका मारीन. कितीबी मारल्या तरी तिला आत घिऊ नगंस. माज्या येडेपणात शिरून ती सुटून जाती. तसं सुटायचं न्हाय तिनं."

"आई, असं नको गं."

"वचन दे."

सोनालीनं दिलं.

तिसऱ्या वेळी इंजेक्शन फारसं लागू पडलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, त्रास कमी राहील एवढं बघू. घरी आणल्यापासून विजयमालाबाई एकच नाव घेत होत्या. "केरे... आगं केरे, कुटं हाईस?" आवाज वस्तीभर जायचा.

केराबाई आली. सोनाली उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"हाक मारतीया मला," केराबाई म्हणाली. "सोड की गं."

"आईनं शुद्धीत सांगितलंय, मावशी. मला मोडता येत नाही."

जोतिराम लेकीवर ओरडला, मरणाऱ्या माणसाचं एवढं तरी ऐक म्हणाला. सोनाली हलली नाही. केराबाई अंगणात मेंढरं कोंडायच्या वाघुरीच्या जाळीपाशी खाली बसली. आतून तिचं नाव येत होतं आणि ती दर हाकेला हळूच "व्हय आक्का" म्हणत होती. आत ते ऐकू जात नव्हतं. दुपार कलल्यावर हाका थांबल्या. केराबाईनं पदर सावरला, चपला पायात घातल्या आणि ती चालत घरी गेली.

विजयमालाबाईंच्या मातीला ती आली नाही. वस्तीवरच्या बायका म्हणाल्या, "वीस वर्सं एका चुलीवर राबल्या, आन् त्वांड बगायलाबी आली न्हाय, लई दगड काळजाची!" सोनाली शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली. मीही तिथंच होते. मीही काही बोलले नाही.