अँब्रोजची बाटली

अँब्रोज ठाण्याला उतरला तो बगलेत एक रिकामी बाटली घेऊन. साहेबाची विलायती दारू संपल्यावर त्याने ती तीनदा राखेने घासून उन्हात वाळवली होती. एडनला त्या साहेबाकडे बटलरकी करण्यात त्याची सतरा वर्षं गेली. आता साहेब कामानिमित्त मुंबईला आला, तेव्हा त्याने अँब्रोजला एक दिवस मोकळा दिला. रात्री आगबोट परत सुटायची होती.

तिकडे एडनला महिन्याभराने थोरल्या लेकीचं, क्लेमेंटिनाचं लग्न. आदल्या दिवशी बायकांनी वाजत-गाजत विहिरीवरून पाणी आणायचं, त्याला उंबराचं पाणी म्हणायचं, आणि त्याने नवरीला न्हाऊ घालायचं, ही ठाण्यातल्या ख्रिस्ती घरांची रीत. एडनला साहेबाकडे पाणी यायचं ते समुद्राचं, वाफ करून पुन्हा थंड केलेलं. असल्या पाण्यात माणूस न्हातो की उकडतो हेच कळत नसे. म्हणून बायकोने, एमिलियाने, बजावलं होतं, "आपल्या वाडीतल्या विहिरीचं बाटलीभर आणा. बाकी काही विसरलात तरी चालेल."

धाकटा भाऊ लिनो स्टेशनावर हजर होता.

"आधी विहिरीवर जाऊ," अँब्रोज म्हणाला.

"विहीर काय पलते? इतक्या वर्सांनी आलास, ठाना तरी बघ."

मग लिनोने त्याला ठाणं दाखवलं. किल्ल्यातला तुरुंग दाखवला, खाडीवरचा रेल्वेचा पूल दाखवला.

"आनि हा मासुंदा तलाव."

"अरे, इथेच तुला पोहायला शिकवलं मी."

"तरी बघून घे," लिनो म्हणाला.

बाजारात तर त्याने कमाल केली. एमिलियासाठी सुके बोंबील घ्यायचे होते. सोयरीक जुळवावी तसा तो एकेक बोंबील निरखून घेत होता. उन्हं कलली. गाडीची वेळ जवळ आली, तसा अँब्रोज बाटली घेऊन एकटाच वाडीच्या वाटेला लागला. लिनो मागून निमूट आला.

वळणावर शेजारची आवडाबाई भेटली. डोक्यावर मासळीची पाटी, पण तिने त्याला लगेच ओळखलं.

"कनची विहीर बाबा? वाडी इकली, विहीर बुजवली, मिठाची वखार झाली तिथं. दोन पावसाले झाले. या लिनोने कलवला नाय तुला?"

लिनो दर नाताळाला पत्र लिहायचा. शेवटची ओळ ठरलेली असे, 'विहिरीला पाणी चांगले आहे.' एमिलिया ती ओळ दोनदा वाचून घ्यायची.

अँब्रोजने मागे पाहिलं. लिनो बोंबलांच्या पुडीची गाठ सोडून पुन्हा बांधत होता.

"आजारपन होता माझा. इकली. तुला लिवायला हात नाय उचलला."

"आणि पाणी चांगलं आहे, हे लिहायला उचलला?"

"लांब राहतोस. तुला बरा वाटावा म्हनून."

अँब्रोज परत फिरला. स्टेशनावर पाणीवाल्याच्या घागरीतून त्याने बाटली भरून घेतली आणि बूच घट्ट बसवलं. लिनोने ते पाहिलं. गाडी हलेपर्यंत दोघे हवापाण्याचं बोलले.

एडनला लग्नाच्या आदल्या दिवशी बाटलीभोवती बायका गायल्या. एमिलियाने पाणी घंगाळात ओतलं, शेवटचा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला आणि पदराने डोळे टिपले.

"सतरा वर्षं झाली, पण गोडी तीच. हो ना?"

"तीच," अँब्रोज म्हणाला.

त्या आठवड्यात त्याने लिनोला पत्र लिहिलं. लग्न नीट पार पडलं, बोंबील सगळ्यांना आवडले. आणि शेवटी लिहिलं, 'विहिरीचे पाणी चांगले होते.' हात सहज उचलला.