अर्धी कॅप्सूल

भागुराम भावोजी बिरवाडीच्या कारखान्यात पाळीला जात. २००१ साली त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला. कॅप्सूल घेतली की ओकाऱ्या होत, जेवण राहायचं. माझ्या बहिणीला, रत्नप्रभाला, ते बघवेना. सकाळची बुद्धवंदना झाली की ती कॅप्सूल उघडून अर्धी पूड मोरीत टाकी आणि उरलेली त्यांना देई. हे फक्त मला ठाऊक होतं. भावोजी चार घास जेवू लागले.

वर्षाच्या आत आजार उसळला. महाडचे डॉक्टर म्हणाले, "पेशी स्वतःची नक्कल काढते, तिथेच हे औषध तिला अडवतं. कमी पडलं तर चिवट पेशी तेवढ्या जगतात, मग त्यांच्याच लाखो होतात. आता पूर्ण डोसही लागू पडत नाही. गोळ्या चुकवल्यात का?"

"एक नाय चुकवली!" भावोजी भडकले. "तुमची गोळीच खोटी हाय. बायको हातानं भरवते माझी. विचारा तिला."

डॉक्टर तिच्याकडे वळले.

"रोज दिली," ती म्हणाली.