मंत्र्यांना सगळं माहीत असतं

लोणावळा स्टेशनबाहेर माझं चिक्कीचं दुकान आहे. अरबी-फारसीचे एक प्राध्यापक पुण्याची लोकल येईपर्यंत रोज माझ्या बाकड्यावर बसायचे. मशिदीतली मंडळी त्यांना कुराणातलं विचारायची, मी घरातल्या जुन्या फारसी कागदांतलं. चष्मा कपाळावर सरकवून ते बहुतेकदा म्हणायचे, "माहीत नाही. शोधतो." मला वाटायचं, एवढं शिकून काय दिवे लावले!

पुढे ते राजकारणात गेले, मंत्रीही झाले. खातं मिळालं पाणीपुरवठ्याचं. फारसीचा एवढा गाढा अभ्यास, दुसरं कुठलं मिळणार?

परवा त्यांचा ताफा दुकानासमोर थांबला. जवळच्या औंढे गावच्या एका मावशींनी गाडीच्या खिडकीशी वाकून विचारलं, "सायेब, आमच्या नळाला पानी कदी येनार?"

"दिवाळीच्या आत," साहेब ताडकन म्हणाले. टाकी, पाइपलाइन, सगळं तोंडपाठ. मावशी हात जोडून गेल्या.

चिक्कीचा पुडा देताना मी हळूच विचारलं, "सर, खरंच येईल?"

त्यांचा हात वर गेला, चष्मा कपाळावर सरकला. "माहीत नाही," ते पुटपुटले.

'शोधतो' म्हणतील म्हणून मी थांबलो. गाडीची काच वर गेली.