माय असलेल्या पोरीची सहल

खामगावच्या बसस्टँडवर राहणाऱ्या पोरांना मी रविवारी फिरायला नेते. त्याला कोणी समाजकार्य म्हटलं की माझं डोकंच फिरतं. कसलं डोंबलाचं समाजकार्य! मी एसटीत कंडक्टर होते, सारी नोकरी याच स्टँडवर गेली, ही पोरं डोळ्यांसमोर वाढली. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून त्यांना घेऊन निघायला लागले. कधी आठवडी बाजार, कधी छोट्या रेल्वेनं जलंब, तिथं थोडं हुंदडायचं आणि त्याच गाडीनं परत.

पण ही पोरं कोणाच्याही मागं येत नाहीत, आणि बरोबरच करतात. त्यातली एक पोरगी, असेल नऊ-दहा वर्षांची, तर सावलीलाही उभी राहायची नाही. तिची माय दिवसभर भंगार वेचते आणि दिवेलागणीला स्टँडवर येते. एकदा कोणीतरी पोरीला बेवारस समजून गाडीत घालून बालगृहात नेलं होतं आणि तिला सोडवून आणता आणता मायच्या नाकी नऊ आले होते. तेव्हापासून पोरीचा कोणावर विश्वास नाही. आम्ही रसवंतीवर थांबलो की ही रस्त्याच्या पलीकडे. मी काही विचारायचे नाही. बाप कुठं आहे, शाळेत का जात नाही, असल्या चौकशा येणारे-जाणारे फुकट करतातच. मी एक जास्तीचा ग्लास बाकावर ठेवायचे आणि तिच्याकडे पाठ करून बसायचे. असं करता करता ती एकदा बाकावर येऊन बसली. अट तिनंच घातली, माय यायच्या आत जागेवर आणून सोडायचं. ती मी एकदाही मोडली नाही.

मग आमच्यात गावातला एक कापड दुकानदार घुसला. त्याचं काहीतरी सेवा मंडळ आहे. बुलढाण्याला कोण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा कार्यक्रम आहे, पोरांना दप्तरं मिळतील, जेवण मिळेल, मग बाग दाखवू, असं म्हणाला. पोरांनी घाट कधी पाहिला नव्हता, म्हणून मी हो म्हटलं. त्या पोरीच्या मायला मी स्वतः विचारलं. तिनं सकाळी स्टँडच्या पायरीवर बसून पोरीच्या डोक्याला तेल लावलं, दोन वेण्या घट्ट बांधल्या आणि मला एवढंच म्हणाली, "सांभाळजा."

घाटात पोरं नुसती खिडकीला चिकटून होती. बुलढाण्याला पोचल्यावर मंडळाच्या लोकांनी त्यांना स्टेजवर ओळीनं उभं केलं आणि मला खाली खुर्ची दिली. पडदा सरकला तेव्हा कुठं मागचा फलक दिसला. 'अनाथ बालकांना दप्तर वाटप.' दुकानदारानं माईक हातात घेतला आणि गळा काढला. या लेकरांना मायेचा पदर नाही, यांचं या जगात कोणी नाही, वगैरे वगैरे. पहिल्या रांगेतल्या बायांनी डोळे टिपले.

पोरीनं त्याची बाही ओढली. माईक जवळच होता, त्यामुळे अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं.

"माही माय आहे."

त्या माणसानं काय करावं? त्यानं तिच्या डोक्यावरून, त्या तेल लावलेल्या वेण्यांवरून हात फिरवला आणि लोकांना म्हणाला, "पाहिलंत? लेकरू अजून आईची वाट पाहतंय."

आणि टाळ्या पडल्या! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी स्टेजवर चढले आणि त्याला सांगितलं की हिची माय चांगली धडधाकट आहे, आज सकाळी हिच्या वेण्या तिनंच घातल्या. त्यानं माईकवर हात ठेवला आणि मलाच समजावायला लागला. बॅनर आधीच छापून झालं होतं म्हणे. "ताई, गरीब म्हटलं तर कोण येते हो? अनाथ म्हटलं की लोकाहिले पाझर फुटते."

लोकांना पाझर फुटावा म्हणून यानं जित्या बाईला मारून टाकलं! आमच्याकडे जित्या माणसाला गमतीतसुद्धा मेला म्हणत नाहीत. मी पोरांना खाली उतरवलं, दप्तरं तिथंच ठेवायला लावली आणि उपाशीपोटी सगळे बुलढाण्याच्या स्टँडवर आलो. बाग राहिली ती राहिलीच.

परतीच्या गाडीत पोरगी माझ्याजवळ बसली नाही. पार मागच्या सीटवर जाऊन बसली. घाट संपता संपता माझ्याजवळ आली आणि दांडा धरून उभी राहिली.

"तू सांगतलं काय त्याहिले, माही माय मेली म्हून?"

नाही गं, म्हटलं. तिनं माझं तोंड निरखून पाहिलं आणि परत मागं गेली. नोकरीत मी प्रवाशांच्या शिव्या पोटभर खाल्ल्या, पण असं कोणी मला कधी विचारलं नव्हतं. महिनोन् महिने पाठ करून बसून जे जमवलं, ते त्या भल्या माणसानं एका भाषणात मातीत घातलं. आजही त्याचं नाव निघालं की मला घास गोड लागत नाही.

पुढच्या रविवारी ती येणार नाही, हे मी धरूनच चालले होते. ती आली, आणि मायचा हात धरून आली. मायनं भंगाराला सुट्टी दिली होती. पोरगी म्हणाली, आज जलंब नको, तो दुकानवाला कुठं राहते ते दाखव. माय बिचारी कानकोंडी झाली, जाऊ द्या ना बाई म्हणायला लागली. मी म्हटलं, चला.

दुकानात गिऱ्हाईक बसलेलं होतं. मायनं चपला काढल्या आणि पायरीशीच थांबली, तर पोरीनं तिला मागून ढकलत थेट गादीपर्यंत नेलं. दुकानदारानं आधी मला ओळखलं, मग पोरीला. हसला. काय पाहिजे बेटा, म्हणाला.

"काही नाई पाह्यजे. हे माही माय. पाहून घे."

मायनं सवयीनं त्याला हात जोडले, तर पोरीनं ते दोन्ही हात धरून खाली ओढले.