भरलेली जीप

अकरावीला मी तर्कशास्त्र घेतलं आणि घरात कुणाला सुखानं बोलू दिलं नाही. शेजारची एक मुलगी शिकून उद्धट झाली, म्हणजे शिकलेल्या सगळ्याच उद्धट, असं आई म्हणाली की मी लगेच वहीच्या मागच्या पानावर तिचा तर्कदोष टिपायची. माझ्या उद्धटपणाचा पुरावा तिला त्यातूनच मिळायचा, हे माझ्या लक्षात यायचं नाही.

कॉलेज हिंगोलीला होतं. गावाहून सेनगावला यायचं आणि तिथून जीप धरायची. जीपसाठी माणसं गोळा करणारा "निघाली, एकच सीट" असं ओरडत असायचा. आत पिशव्या घेऊन बसलेले तीन-चार जण त्याचेच. खरा प्रवासी चढला की त्यातला एक हळूच उतरून चहाला जायचा. भरलेली जीप दिसली आणि वर घाई केली, की माणूस विचार करत नाही. मला हे पक्कं ठाऊक होतं, तरी खिडकीच्या जागेसाठी मीही पळायचीच.

बारावीला असताना एकदा वडील सोबत होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. एकच सीट आहे हे ऐकून ते मला ओढत जीपमध्ये घुसले. एका सीटवर आम्ही दोघं कसे मावणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आम्ही टेकतो तोच पिशवीवाले एकेक करून पांगले. पुढे तासभर जीप जागची हलली नाही, तेव्हा मी मोठ्या दिमाखात दादांना सगळी युक्ती समजावून सांगितली.

"मग आधी काहून सांगितलं न्हाई?" दादा म्हणाले.

खरं तर मी गंमत बघत होते, आणि त्याची मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात आईचे लांबचे मामा माझ्यासाठी स्थळ घेऊन आले. बारावीची परीक्षा तीन महिन्यांवर होती. लग्न ठरलं असतं तर कॉलेज तिथंच संपलं असतं. मामा सांगत होते, मुलाला हट्टा गावाकडची दोन घरं पाहून गेलीत, दोघंही सुपारी फोडायला तयार आहेत, परवापर्यंत होकार द्या, नाहीतर स्थळ हातचं जाईल. दादा मान डोलवत होते. मी चहा घेऊन बाहेर आले.

"दादा, आधी सांगून ठेवते," मी म्हणाले, "ते हट्ट्याचे दोघं पिशवीवाले हायेत."

मामांना काही कळलं नाही. आईनं डोळे वटारले. दादांनी बशीत चहा ओतला, सावकाश फुंकर मारली आणि सगळा पिऊन टाकला.

"तुमी व्हा पुढं, मामा," ते म्हणाले. "आमी मागच्या जीपनं येतो."