उद्धव गावंडेचा गुरुवार

उद्धव गावंडेचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होई. गजर लावावा लागत नसे. उठल्याबरोबर तो अंथरुणातच ताठ बसे, छातीभर श्वास घेई आणि दातांच्या फटीतून तो हळूहळू सोडत मोबाइलच्या घड्याळाकडे बघे. चार वर्षांपूर्वी अठ्ठावीस सेकंद निघत. यंदाच्या जानेवारीत सतरा.

शेजारी झोपलेली रमा डोळे न उघडता विचारी, "किती?"

"सतरा."

"बरं. चहा मांडते."

या नवराबायकोत याहून जास्त रडगाणं झालं नाही.

पाच वाजता तो अकोल्याच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलवर हजर असे. तुरीची पोती फोडायची, चाळणीवर ओतायची, चाळणी अडली की मोकळी करायची. दीडपर्यंत पाठ टेकायची नाही. अशी बावीस वर्षं गेली होती. तुरीच्या टरफलाची धूळ इतकी बारीक असते की नाकाला बांधलेला रुमाल नावालाच. श्वास का आटतोय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी डॉक्टरनं सांगितलं, "मिल सोडा, नाहीतर ते वाजवणं सोडा." मिल सोडली तर घरात चूल पेटत नव्हती. वाजवणं सोडलं तर पहाटे उठून मिलवर जायला अंगात बळ कुठून आणायचं, हे डॉक्टरला ठाऊक नव्हतं. उद्धवनं दोन्ही चालू ठेवलं.

तो सॅक्सोफोन वाजवी, आणि वाजवी ते जॅझ. अकोल्यात हे सांगितलं की लोक आधी हसत, मग विचारत, "म्हणजे बँडमध्ये का?"

तेही खोटं नव्हतं. ऐन विशीत तो अमरावतीच्या एका लग्नाच्या बँडमध्ये आठ वर्षं होता. भगवंतराव तिथले ढोलवाले, त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. वरातीत वाजवणाऱ्याला कानांपेक्षा डोळे जास्त लागतात. बँड कुठलीही धून वाजवत असो, कुणी नवरदेवावरून नोट ओवाळली की त्या माणसाला नाचाचा ठेका मिळालाच पाहिजे, त्याच क्षणी. नोट वर गेली, की ढोल फिरला. विचारायचं नाही, धून संपायची वाट बघायची नाही. भगवंतरावांसारखा तयारीचा माणूस दुसरा नव्हता. पन्नास माणसांच्या गर्दीत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, त्यांना दहाची नोटसुद्धा दिसे.

अशाच एका वरातीत बडनेऱ्याच्या रेल्वे कॉलनीतल्या पास्कल मास्तरांनी उद्धवला ऐकलं. मास्तर मूळचे गोव्याचे, इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. वरात पुढे गेल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "फुंक चांगली आहे तुझी," ते म्हणाले, "पण तू एकही धून पुरी करत नाहीस."

उद्धव म्हणाला, "पुरी करू कोण देते, मास्तर?"

"माझ्याकडे ये. मी देतो."

सात वर्षं तो अमरावतीहून बडनेऱ्याला सायकलनं जात राहिला. मास्तरांनी त्याला जॅझ शिकवलं ते अंगमेहनतीच्या भाषेत. चार माणसं लोखंडी रूळ उचलतात, त्यातला एक हात बदलतो, तेवढा वेळ बाकीचे तिघं त्याचा भार घेतात. एकाची पाळी आली की त्यानं मनासारखं वाजवायचं, बाकीच्यांनी खालून धरून ठेवायचं. कुणी घसरला तर त्याला सोडून द्यायचं नाही. आणि उचललेला रूळ जागेवर पोचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही.

मास्तरांची स्वतःची एक धून होती, 'होम सिग्नल'. स्टेशनात शिरायची परवानगी मिळेपर्यंत गाडी ज्या सिग्नलपाशी खोळंबते, तो. बडनेऱ्याबाहेर तासन् तास उभं राहून त्यांनी ती बांधली होती. संथ, चौदा मिनिटांची. शेवटच्या दोन मिनिटांत गाडी हलते आणि स्टेशनात येते. मास्तरांनी ती कागदावर कधी उतरवली नाही. ते गेल्यावर ती एकट्या उद्धवच्या छातीत उरली, आणि छाती तर दर वर्षी आटत चालली होती.

ती कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावी, एवढ्यासाठी त्यानं तीन वर्षांपूर्वी जठारपेठेच्या मागच्या बाजूच्या एका लहान क्लबात गुरुवारची जॅझची संध्याकाळ सुरू केली. क्लब म्हणजे बॅडमिंटनचं एक कोर्ट, कॅरमची खोली आणि साठ खुर्च्यांचा हॉल. क्लबच्या सेक्रेटरी मैथिलीताई वकील होत्या. त्यांनी हॉल फुकट दिला. मिलवरून येऊन तासभर पडायचं, सहाला क्लबात जायचं, खुर्च्या स्वतः पुसून मांडायच्या, साडेसात ते नऊ वाजवायचं. की-बोर्डवर गौरांग, घरच्यांनी वकिलीला घातलेला आणि संगीताचे क्लास घेणारा मुलगा. ढोलावर भगवंतराव, दर गुरुवारी अमरावतीहून एसटीनं. त्यांनी बँडचाच ढोल आणि ताशा घेऊन वर दोन झांजा टांगल्या होत्या. गुरुवारच्या लग्नाची सुपारी ते घेत नसत.

सुरुवातीला चाळीस माणसं येत. मग पंचवीस. यंदा चौदा. 'होम सिग्नल' घेतली की कधी लोक मध्येच उठत, कधी उद्धवचा श्वास तुटे; शेवटापर्यंत ती एकदाही गेली नव्हती.

जानेवारीच्या शेवटी मैथिलीताईंनी त्याला ऑफिसात बोलावलं. "उद्धवराव, मी तीन वर्षं कमिटीला थोपवून धरलं. आता नाही जमत. गुरुवारी वाढदिवसाला हॉल मागतात लोक. येत्या गुरुवारी कमिटीचे सातही जण ऐकायला येतील. आवडलं तर चालू, नाहीतर मार्चपासून बंद."

घरी रमाला सांगितलं तर ती म्हणाली, "काहून एवढा जीव काढून राह्यले तुमी? ऐकाले चौदा माणसं, त्यातले दोन चौकीदार."

"चौकीदार चांगले ऐकतात."

"त्याईले पगार भेटते बसाचा."

तरी तिनंच त्याचा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून ठेवला.

त्या आठवड्यात उद्धवनं माणसानं करावं तेवढं सगळं केलं. पाळी सुटल्यावर जठारपेठेतल्या दुकानांतून चिठ्ठ्या वाटल्या, तीन दिवस. मिलवर धूळ कमी जावी म्हणून रुमालाखाली ओलं फडकं बांधलं. 'होम सिग्नल'च्या शेवटच्या दोन मिनिटांसाठी श्वास उरावा म्हणून आधीच्या बारा मिनिटांतली प्रत्येक जागा त्यानं ठरवली, इथे घ्यायचा, इथे नाही. गौरांगला त्यानं ती अकरा वेळा वाजवायला लावली.

गौरांग म्हणाला, "काका, कमिटीत कोणाला कळणार आहे आपण कुठे चुकलो ते?"

"आपल्याले कळते ना. पुन्हा घे."

गुरुवारी कमिटी आली. बाकी धरून बत्तीस माणसं झाली. पहिल्या दोन धुनांना टाळ्या बेताच्या पडल्या. मग उद्धवनं 'होम सिग्नल' घेतली. तिसऱ्या मिनिटाला खुर्च्यांची करकर थांबली. सहाव्या मिनिटाला मैथिलीताईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. श्वास ठरल्या जागी येत होता. उद्धवला वाटलं, आज गाडी पोचते.

कमिटीत पंजाबराव नावाचे खजिनदार होते. सत्तरीचे, शेतीवाडी असलेले, मनानं मोकळे. बाराव्या मिनिटाला त्यांचे डोळे भरून आले. असं पोटातून दाटून आलं की त्यांना एकच रीत ठाऊक होती. ते उठले, खिशातून पाचशेची नोट काढली, मंचाशी आले आणि उद्धवच्या डोक्यावरून ती तीनदा ओवाळली.

भगवंतरावांच्या डोळ्यांनी नोट पाहिली. हात फिरले.

चाळीस वर्षांचा वरातीचा ठेका हॉलमध्ये धडाडला. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागून शिटी आली. कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळ्यांनी ताल धरला, कमिटीतल्या दोघी उठल्या आणि खुर्च्या मागे सरकल्या. भगवंतरावांना आपण काय केलं ते दोन मात्रांनी उमगलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, पण ढोल मध्येच थांबवणं त्यांच्या हातांना येत नव्हतं.

गौरांग उद्धवकडे बघत होता. थांबावं, तर म्हातारा माणूस भर हॉलमध्ये एकटा उघडा पडत होता. उद्धवनं श्वास घेतला, नको तिथे घेतला, आणि वरातीची धून फुंकली. मागोमाग गौरांग आला. पंजाबराव स्वतः नाचले. वीस मिनिटं हॉल उसळत राहिला. शेवटी उद्धव खुर्चीत बसला तेव्हा तोंडापुढे धरलेल्या रुमालात तो खोकत होता, आणि लोक "वन्स मोअर" म्हणत होते.

मैथिलीताई घामाघूम होऊन आल्या. "अहो उद्धवराव, हे तीन वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंत? कमिटी खूश आहे. दर गुरुवारी हेच ठेवा. हॉल तुमचा, वर मानधनही देऊ."

"आन् ते आधीचं?"

"ते एखादं घ्या की मध्ये."

"पुरं?"

त्या हसल्या. "लोक नाचायला लागले की कोण थांबतंय?"

उद्धव म्हणाला, "विचार करून सांगतो." भगवंतराव तोवर पाठीमागच्या दारानं एसटी स्टँडकडे निघून गेले होते. ढोल तिथेच होता.

घरी रमा म्हणाली, "घ्या ना मग. आतालोक फुकट होतं, आता पैसे देऊन राह्यले."

"आठ वर्षं तेच केलं मी, रमा. त्यात वाईट काई नाई. मेहनतीचं काम हाये ते. पण सतरा सेकंद उरले माये."

"सतरा सेकंदात काय होते?"

"म्हणूनच म्हणतो. ते वरातीत नाई घालवाचे."

तिनं त्याच्या शर्टची घडी घातली. मग म्हणाली, "नाई म्हणाचं असंन तं नीट सांगा. वकीलबाईचा तीन वर्षांचा उपकार हाये."

त्यानं नीट सांगितलं. मैथिलीताईंना ते कळलं नाही, पण त्या रागावल्याही नाहीत. फेब्रुवारीचे उरलेले गुरुवार ढोलाशिवायच झाले, आणि मार्चपासून गुरुवार बंद झाला.

पहिल्या रिकाम्या गुरुवारी उद्धव सहा वाजता शर्ट घालून ओट्यावर बसला आणि तसाच उठून आत गेला. दुसऱ्या गुरुवारी श्वास पंधरावर आला. रमानं "किती?" विचारलं तेव्हा तो स्वतःच चहा मांडायला उठला. वाजवलं नाही तर फुंक आणखी झपाट्यानं जाणार हे त्याला दिसत होतं. भगवंतराव फोन उचलत नव्हते.

रविवारी तो एसटीनं अमरावतीला गेला. भगवंतरावांच्या सुनेनं, संध्यानं, दार उघडलं. "बाबा घरी नाईत," ती म्हणाली आणि पदराआड हसली, "असं सांग म्हणाले."

आतून आवाज आला, "अवं, तेवढंच सांगाचं होतं!"

भगवंतराव खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. "तुया गुरुवार मी बुडवला," ते म्हणाले. "तोंड दाखवाले जागा नाई उरली. हे हात माये नाई ऐकत, उद्धव. नोट पाहाली का..."

"हाताचं काई नाई, दादा. डोळ्याचं हाये. आता बसले तसेच बसा. लोकाईकडे पाठ करून."

"पाठ करून वाजवू? देवाकडे कोणी पाठ करते का?"

"लोक काय देव हायेत?"

"नोट देते तो देवच, बाप्पा," असं म्हणून भगवंतराव हसले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. "पण आता वाजवाचं कुठं?"

"पाहातो मी."

मार्चचा पगार झाला त्या दिवशी उद्धव मिलवरून थेट क्लबात गेला आणि बाहेरच्या कुणाही माणसासारखा हॉल भाड्यानं मागितला, गुरुवारच्या संध्याकाळचा. ऑफिसात श्याम नावाचा कारकून होता. फॉर्मवर वाढदिवस, बारसं आणि डोहाळजेवण एवढेच रकाने.

"कोणाचा वाढदिवस लिहू?" श्यामनं विचारलं.

"पास्कल मास्तरांचा."

"कितवा?"

"वारून एकवीस वर्षं झाले त्याईले."

श्यामनं पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "केक आणसान का? केक असला तं सफाईचे वेगळे लागतात."

"केक नाई."

गुरुवारी नऊ माणसं होती. रमा होती, दोन्ही चौकीदार होते, मैथिलीताई उशिरा येऊन मागे उभ्या राहिल्या. भगवंतराव लोकांकडे पाठ करून, भिंतीला नाक लागेल इतके जवळ बसले. उद्धवनं दुसरं काही वाजवलं नाही. सातव्या मिनिटाला त्याचा श्वास तुटला, गौरांगनं खालून धरून ठेवलं. बाराव्या मिनिटाला पुन्हा तुटला. तो वाकला, खोकला, दोन बोटं वर करून लोकांना थांबा म्हणाला आणि सरळ झाला. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाचा ढोल हलक्या हातानं चालूच होता, जराही पुढे पळत नव्हता. मग गाडी हलली. शेवटचा सूर थरथरत, पातळ, पण जागेवर पडला.

पुढच्या गुरुवारी त्या हॉलमध्ये खरोखरच कुणाचा तरी वाढदिवस होता. उद्धव पाळी संपवून घरी झोपला होता. मार्चच्या पगारातला मोठा वाटा क्लबच्या भाड्यात गेला होता. बदल्यात चौदा मिनिटांची एक धून मिळाली, शेवटापर्यंत.