पेट्रोल कुठं जात होतं, ते आज कळलं

मंडळी, आजच घडलंय, तुमचा सल्ला हवाय म्हणून लिहिते.

आम्ही भाटघर धरणात मासेमारी करतो. होडीला छोटं इंजिन आहे. जाळ्यापर्यंत जाऊन यायला किती पेट्रोल लागतं, ते आम्हाला पाठ आहे. पण गेले काही दिवस टाकी लवकरच रिकामी व्हायला लागली होती.

यांना संशय आला माझ्या दिरावर, कारण घरात मोटरसायकल फिरवतो तो एकटाच. आज सकाळी हे त्याला तोंडावर म्हणाले, "तूच काढतोस पेट्रोल."

"दादा, म्या न्हाई घेतलं," एवढंच तो बोलला. पिशवी भरली आणि पुण्याला मित्राच्या खोलीवर निघून गेला. मी अडवलं नाही. मलाही तसंच वाटत होतं.

दुपारी आम्ही दोघंच होडी घेऊन गेलो. भर पाण्यात इंजिन बंद पडलं, टाकी कोरडी. मागं वळून बघते तर आम्ही आलो त्या वाटेवर पाण्यावर पेट्रोलचा रंगीत तवंग! इंजिनाजवळची नळी चिरली होती.

वल्ही मारत कसंबसं काठाला लागलो. यांनी लगेच दिराला फोन लावला. "नळी फुटली व्हती रं," एवढंच हे म्हणाले.

तो म्हणाला, "मंग नळी बदलल्याबिगर वहिनीला पाण्यात नेऊ नको." आणि फोन ठेवला. आता उचलतच नाही.

हे जेवलेले नाहीत. उद्या पुण्याला जाऊन त्याला घेऊन यावं म्हणते. पण त्याच्या दारात उभं राहून पहिलं काय बोलायचं? तुम्ही असता तर काय बोलला असता?